सीडी महाग, कॅसेट फुकट: गार्सिया-ग्रिस्मनच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सनीव्हेलमध्ये घराजवळ एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, तुम्हाला जेरी गार्सिया आणि डेव्हिड ग्रिस्मन यांच्या वॉरफील्ड थिएटरमधल्या मैफलीचा दोन सीडींचा संच दिसला. वर ‘संग्राहकांसाठी मर्यादित आवृत्ती’ असं छापलंय आणि विकणाऱ्या बाई १८० डॉलर मागताहेत. त्याच खोक्यात मॅक्सेलच्या दोन कॅसेट आहेत. त्यांच्या कार्डावर पेनाने ‘जे.जी./डी.जी., वॉरफील्ड, २/२/९१’ असं लिहिलंय, आणि सीडी घेतल्यात तर कॅसेट तशाच घेऊन जा, असं त्या म्हणाल्या. किंमत रास्त आहे का, आणि पुढे विकायची वेळ आली तर पैसे वसूल होतील का, हे तुम्ही विचारलंय.

सीडी सोडा आणि कॅसेट घ्या. कॅसेटचे वेगळे पैसे मागितले तरी घ्या. हे मी इतक्या ठामपणे का म्हणतोय ते सविस्तर सांगतो, कारण असं खोकं तुमच्यासमोर पुन्हाही येऊ शकतं. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात बरीच वर्षं जुन्या टेप डिजिटल करून देण्याचं काम करतोय. इथल्या रॉक मैफलींच्या कॅसेट येतात, तशाच मराठी घरांतून शास्त्रीय संगीताच्या खासगी बैठकींचे स्पूलही येतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: ही प्रत कशावरून केली, आणि ती मूळ टेपपासून किती हात लांब आहे? आमच्या कामात याला वंशावळ म्हणतात, आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचं मोल जवळपास सगळं तिच्यावर ठरतं. सुबक वेष्टन आणि ‘मर्यादित’ हा शिक्का यांनी त्यात काही फरक पडत नाही.

आधी ही जोडी कोण, ते थोडक्यात. गार्सिया म्हणजे ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा गिटारवादक. पण त्याआधी तो बँजोवर ब्लूग्रास, म्हणजे तंतुवाद्यांवरचं अमेरिकी लोकसंगीत, वाजवायचा. १९६४ मध्ये तो एका मित्राबरोबर कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे गेला, ते सोबत टेपरेकॉर्डर घेऊनच. ठिकठिकाणचे ब्लूग्रासचे कार्यक्रम ऐकायचे आणि जमतील तेवढे टेप करायचे, असा बेत होता. त्याच प्रवासात पेन्सिल्व्हेनियातल्या सनसेट पार्कमध्ये, ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या कार्यक्रमाच्या वेळी, त्याची मँडोलिनवादक ग्रिस्मनशी ओळख झाली. १९७० च्या ‘अमेरिकन ब्यूटी’ या डेडच्या अल्बममध्ये ग्रिस्मनचं मँडोलिन आहे. १९७३ मध्ये दोघे ‘ओल्ड अँड इन द वे’ या ब्लूग्रास बँडमध्ये एकत्र वाजवत होते. मग बरीच वर्षं वाटा वेगळ्या झाल्या, आणि १९९० च्या सुमारास दोघे पुन्हा भेटले. ग्रिस्मनने त्याच वर्षी ‘अकूस्टिक डिस्क’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९९१ मध्ये दोघांच्या नावाचा पहिला अल्बम आणला. गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ ला गेला. मधल्या काळात ग्रिस्मनच्या घरच्या स्टुडिओत त्यांनी भरपूर वाजवून ठेवलं, पण लोकांसमोरच्या मैफली मोजक्याच झाल्या, आणि त्याही बहुतेक इथेच, बे एरियात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरच्या वॉरफील्डमधल्या फेब्रुवारी १९९१ च्या मैफली त्यांतल्याच. कार्डावरची तारीख या माहितीशी जुळते. एक लक्षात ठेवा, इथे महिना आधी लिहितात. दुसऱ्या एखाद्या टेपवर ‘२/३/९१’ दिसलं तर ती तारीख ३ फेब्रुवारी समजायची.

मैफली कमी झाल्या म्हणून ध्वनिमुद्रण दुर्मिळ असेल, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण मैफल दुर्मिळ असली तरी तिच्या प्रती दुर्मिळ नसतात. डेडच्या चाहत्यांमध्ये टेप करण्याची आणि टेपांची अदलाबदल करण्याची मोठी परंपरा आहे. बँडने १९८४ पासून मैफलीत टेप करणाऱ्यांसाठी, म्हणजे टेपरांसाठी, प्रेक्षागृहात वेगळी जागाच ठेवायला सुरुवात केली. स्वतः गार्सियाची भूमिका अशी होती की आमचं वाजवून झालं की ते ऐकणाऱ्यांचं. टेपरेकॉर्डर घेऊन ब्लूग्रासच्या मागे फिरलेल्या माणसाने दुसरं काय म्हणावं! या वर्तुळात एकच अट पाळली जायची आणि अजूनही पाळली जाते: पैसे घ्यायचे नाहीत. टेपच्या बदल्यात टेप द्यायची, किंवा कोरी टेप आणि टपालखर्च पाठवायचा. त्यामुळे गार्सिया-ग्रिस्मनच्या मैफली प्रत होत होत असंख्य घरांत पोचल्या.

आता तुमच्या सीडी. दोन शक्यता आहेत. चकती मागून चंदेरी आहे की हिरवट-निळसर, ते उजेडात तिरकी धरून पाहा. हिरवी, निळी किंवा सोनेरी झाक दिसली तर ती घरी बर्न केलेली सीडी-आर आहे. मग १९९१ ची मूळ सीडी वगैरे कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. त्या काळी सीडी बर्न करणारं यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. घरोघरी बर्नर आले ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे ती नंतर कुणीतरी केलेली प्रत आहे आणि तिची किंमत कोऱ्या चकतीएवढी.

तुम्ही छापील वेष्टनाचं वर्णन केलंय, त्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते: चंदेरी, कारखान्यात दाबलेली सीडी, पण कलावंतांच्या परवानगीशिवाय काढलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इटली आणि जर्मनीतल्या कायद्यांतल्या पळवाटांचा फायदा घेऊन अशा ‘लाइव्ह’ सीडी ढिगाने निघाल्या. भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेला क्रमांक असतो, तो भिंगातून वाचा. तिथे ‘आयएफपीआय’ आणि पुढे काही अक्षरं-आकडे असतील तर ती चकती १९९४ किंवा त्यानंतरची आहे, कारण ही खूण त्या वर्षापासून वापरात आली. वेष्टनावर कंपनीचा पत्ता नसणं, हक्क कुणाचे हे न लिहिणं, ‘अकूस्टिक डिस्क’चं नाव नसणं आणि ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणताना किती प्रती काढल्या ते न सांगणं, या सगळ्या त्याच जातीच्या खुणा.

अशी सीडी घेण्यात नुकसान काय? एक तर ती कशावरून काढली ते कधीच कळत नाही. काढणाऱ्यांना फिरत्या टेपांतली जी प्रत हाताला लागली ती त्यांनी वापरली. वर आवाज ‘सुधारायला’ टेपच्या पार्श्वभूमीची सूंसूं गाळली, आणि तिच्याबरोबर मँडोलिनच्या वरच्या स्वरांची झळाळीही गेली. दुसरं म्हणजे, डिसेंबर १९९४ पासून अमेरिकेच्या कायद्यानुसार कलावंतांच्या संमतीशिवाय मैफलीत केलेलं ध्वनिमुद्रण विकता येत नाही. ते त्याआधीचं असलं तरी नाही. डेडने टेपिंगला दिलेली मुभा डेडच्या मैफलींपुरती होती. गार्सियाच्या बाकी कार्यक्रमांना ती आपोआप लागू होत नाही, आणि विकण्याची परवानगी तर तिच्यात कधीच नव्हती. म्हणजे पैसे वसूल करण्याच्या तुमच्या बेताला तिथेच खीळ बसते. आणि मला मनापासून वाटतं की हे नियम योग्य आहेत. ज्यांनी वाजवलं त्यांना छदाम न देता वेष्टनाचे १८० डॉलर घेणं मला पटत नाही.

गुंतवणुकीबद्दल आणखी एक गोष्ट. गार्सिया, ग्रिस्मन आणि गिटारवादक टोनी राइस यांनी ४ आणि ५ फेब्रुवारी १९९३ ला ग्रिस्मनच्या घरच्या स्टुडिओत मजेत वाजवलेलं एक ध्वनिमुद्रण बाहेर फुटलं. त्याची कॅसेट पिझ्झा पोचवायला आलेल्या मुलाच्या हाती लागली, असं सांगतात. प्रतीवरून प्रत होत ते सगळीकडे फिरलं, आणि काहींनी त्याच्या सीडीही विकल्या. शेवटी २००० मध्ये ग्रिस्मनने मूळ टेपवरून ‘द पिझ्झा टेप्स’ नावाने ते रीतसर आणलं, आणि २०१० मध्ये त्याची मोठी आवृत्ती काढली. त्या दिवशी बाजारातल्या चोरट्या प्रतींना काही अर्थ उरला नाही, कारण मूळ टेपवरच्या आवाजापुढे त्या टिकतच नव्हत्या. कुठलीही अनधिकृत सीडी महाग घेताना हे ध्यानात ठेवावं. मूळ टेप ज्याच्या कपाटात आहे, तो कधीही ती बाहेर काढू शकतो.

मग कॅसेटला मी एवढं महत्त्व का देतोय? तीही अनधिकृतच आहे, तीही विकता यायची नाही. पण ती कदाचित मूळ टेप असेल, किंवा मूळ टेपवरून थेट केलेली पहिली प्रत. ‘कदाचित’ हा शब्द मी जबाबदारीने वापरतोय, कारण प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय हे ठरवता येत नाही. कुठे पाहायचं आणि काय ऐकायचं, ते मात्र सांगता येतं.

कार्डापासून सुरुवात करा. टेपर लोक कार्डावर गाण्यांच्या यादीखाली बारीक अक्षरांत वंशावळ लिहीत. ‘एम’ किंवा ‘मास्टर’ असेल तर मूळ टेप असल्याचा दावा आहे. ‘डॅट’ आणि पुढे बाण काढून ‘सी १’ असेल तर डिजिटल टेपवर केलेल्या मूळ ध्वनिमुद्रणाची ही पहिली कॅसेट प्रत. १९९१ पर्यंत गंभीर टेपरांपैकी बरेच जण डॅटकडे वळले होते, त्यामुळे ही शक्यता चांगलीच आहे. मायक्रोफोनचं नाव लिहिलेलं असेल (शेप्स, नॉयमन, नाकामिची) तर फारच उत्तम, कारण चौथ्या-पाचव्या हाताच्या प्रतीपर्यंत येता येता असले तपशील बहुधा गळून पडतात. ‘एयूडी’ म्हणजे प्रेक्षागृहातून मायक्रोफोनने केलेलं, ‘एसबीडी’ म्हणजे साउंडबोर्डवरून, म्हणजे मैफलीच्या मिक्सरवरून, घेतलेलं. डॉल्बीच्या, म्हणजे सूंसूं कमी करणाऱ्या पद्धतीच्या, चौकोनात खूण आहे का तेही पाहा.

कार्ड कोरं असेल तर टेपच सांगते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. प्रेक्षागृहात थेट कॅसेटवर टेप केलं असेल तर बाजू संपत आल्यावर टेपर दोन चिजांमधल्या टाळ्यांत झटकन कॅसेट उलटतो. तिथे टाळ्या अर्ध्यातच तुटतात आणि दुसरी बाजू कुणाच्या तरी खोकल्याने किंवा तारा जुळवण्याच्या आवाजाने सुरू होते. ही चांगली खूण. पण तुमच्या कॅसेटच्या बाजूच्या मधोमध, चीज रंगात आलेली असताना, संगीत तुटून पुन्हा सुरू झालं, तर तो आधीच्या कुठल्यातरी टेपचा सांधा आहे आणि तुमच्या हातात प्रत आहे. सूंसूं ऐका. प्रत्येक प्रतीगणिक तिचा एक थर चढतो. बास नीट ऐकू येतोय पण मँडोलिनचा आघात बोथट झालाय, असं वाटलं तर दोन-तीन हात तरी बदललेत असं धरा.

ग्रिस्मनचं मँडोलिन या परीक्षेला फार उपयोगी पडतं. ब्लूग्रासमध्ये ढोल-ताशा काही नसतं, त्यामुळे मँडोलिनवादक गौण मात्रांवर तारा छेडून लगेच दाबून टाकतो. त्या तुटक ‘चॉप’वर सगळ्यांचा ताल उभा असतो. या जोडीबरोबर बहुधा जिम केरविन बासवर आणि जो क्रेव्हन व्हायोलिन व तालवाद्यांवर असायचे, तरी खरा कणा तो चॉपच. चांगल्या टेपमध्ये त्यात तीन गोष्टी वेगळ्या कळतात: पिकचा तारेवरचा स्पर्श, लाकडाचा छोटासा ठोका, आणि तार दाबताना येणारी शांतता. तिसऱ्या हाताच्या प्रतीत ही शांतता सूंसूंनी भरलेली असते. मी कुठलीही गार्सिया-ग्रिस्मन टेप तपासताना आधी हाच चॉप ऐकतो.

साउंडबोर्डची प्रत नेहमी श्रेष्ठ, हा समज या बाबतीत तरी बाजूला ठेवा. विजेच्या गिटारच्या मैफलीत ते बऱ्याचदा खरं असतं. पण अकूस्टिक वाद्यं त्यांच्यावरच बसवलेल्या पिकअपवरून थेट मिक्सरमध्ये गेली की आवाज कोरडा आणि टोचणारा होतो, वाद्याचं लाकूड हरवतं. वॉरफील्डसारख्या जुन्या थिएटरात चांगल्या जागी बसून चांगल्या मायक्रोफोनने केलेलं ध्वनिमुद्रण मला अशा वेळी जास्त जिवंत वाटतं. शेजारचा कुणी बडबडत नसला म्हणजे झालं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. ही कॅसेट प्रत निघाली, आणि त्या मैफलीची अधिक चांगली वंशावळ असलेली फाइल देवाणघेवाण करणाऱ्यांकडे आधीच असेल, तर तुमच्याकडे एक सुंदर आठवण आहे, एवढंच. ती मूळ असेल आणि नीट सांभाळलेली असेल, तर तिला जपणं हे खरोखर मोलाचं काम आहे. मधल्या वर्षांत ती गरम गॅरेजमध्ये पडली असेल तर मूळ असूनही निराशा होऊ शकते. आणि तुम्हाला फक्त या दोघांचं वादन घरी निवांत ऐकायचं असेल, तर यातलं काहीच करायची गरज नाही. १९९१ चा रीतसर अल्बम घ्या. त्यात शेवटी ‘अरेबिया’ नावाची सोळा मिनिटांहून लांब रचना आहे. आलाप ऐकायची सवय असलेल्या कानाला ती लगेच जवळची वाटेल, असा माझा मराठी मित्रांबाबतचा अनुभव आहे. वातावरणाचाही भाग असेल. अली अकबर खाँ साहेबांचं संगीत महाविद्यालय इथल्याच मरीन काउंटीत, सॅन राफाएलला आहे, आणि आपले मुंबईचे झाकीर हुसेन डेडचे ड्रमर मिकी हार्ट यांच्याबरोबर सत्तरच्या दशकापासून वाजवत असत. इथल्या वादकांच्या कानांवर ते संगीत पडत होतं.

मैफलीचंच ध्वनिमुद्रण हवं आणि तेही संग्रहात मानाने ठेवावं असं, तर तुमचे १८० डॉलर ‘ओल्ड अँड इन द वे’च्या १९७५ च्या राउंड रेकॉर्ड्सच्या लाँगप्लेकडे वळवा. चांगल्या अवस्थेतली शोधा आणि उरलेल्या पैशांत दोघांचे बाकीचे अल्बम घ्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डिंग हाउसमध्ये ओव्झली स्टॅनलीने, ज्याला सगळे ‘बेअर’ म्हणत, ते ध्वनिमुद्रित केलं. गार्सिया बँजोवर, ग्रिस्मन मँडोलिनवर, पीटर रोवन गिटार आणि गायनाला, व्हॅसर क्लेमेंट्स व्हायोलिनवर, जॉन कान बासवर. वादकांच्या संमतीने निघालेली, वंशावळ माहीत असलेली आणि कान देऊन ऐकावी अशी ही तबकडी आहे. तिची पुढे विक्रीही राजरोस करता येते.

कॅसेट घरी आणलीत तर लगेच प्लेयरमध्ये घालू नका. आधी वरचे दोन प्लास्टिकचे टॅब तोडलेले आहेत का पाहा. नसतील तर तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टेपच्या मागे स्प्रिंगवर चिकटवलेला छोटा फेल्टचा तुकडा असतो. तो सुटलेला असेल तर आवाज येतो-जातो आणि लोक टेपच खराब झाली असं समजतात. तो बदलता येतो. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली गुंडाळी सैल होईल. मग हेडचा कोन, ज्याला ॲझिमथ म्हणतात, तो या टेपशी जुळवा. आवाज मोनोवर घ्या आणि हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवत वरचे स्वर सगळ्यांत स्वच्छ कुठे लागतात ते शोधा. निम्म्या ‘खराब’ टेप एवढ्यानेच बऱ्या होतात. इंटरनेटवर टेप ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला दिसेल. तो सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही चिकट होणाऱ्या स्पूलसाठी आहे, कॅसेटला तसलं काही करू नका. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये करा, कुठलंही सूंसूं-गाळप न लावता, आणि ती कच्ची फाइल तशीच जपा. सोबत कार्डाचे फोटो आणि कॅसेट कुठे मिळाली याची चार ओळींची नोंद ठेवा. आपल्याकडच्या कितीतरी बैठकींच्या टेपांवर कलाकार कोण, साथीला कोण आणि साल कुठलं हे कुणी लिहिलंच नाही. आता ते सांगणारं माणूस उरलेलं नाही.

म्हणून या शनिवारी ते खोकं हलायच्या आत तिथे पुन्हा जा आणि त्या बाईंना टेप कुणाच्या होत्या ते विचारा. घरात कुणी मैफलींना मायक्रोफोन घेऊन जायचं का, तिकिटांचे तुकडे कुठे ठेवलेत का, टेपांची यादी असलेली एखादी वही आहे का? टेपर लोक अशा वह्या फार निष्ठेने ठेवत. वही मिळाली तर खोक्यातल्या प्रत्येक कॅसेटची वंशावळ एका जागी कळेल. आणि कॅसेटपेक्षा बऱ्याच लहान आकाराच्या, डॅट असं लिहिलेल्या टेप दिसल्या तर त्या सगळ्याच्या सगळ्या घ्या, पण कुणाच्या जुन्या यंत्रात घालू नका. जुनी डॅट यंत्रं टेप खातात आणि खाल्लेली टेप परत जुळत नाही. त्यांचे आणि कॅसेटच्या कार्डांचे फोटो इथे टाका, मग कुठून सुरुवात करायची ते मी सांगतो.